हात टेकू नका!

लग्नाच्या पंगतीतून उठताना कोण कुठं हात टेकतो, यावर डोळा ठेवून असणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. आमचे काका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. पूर्वी माणसाची पत सातबाऱ्यावरून ठरवायचे, हल्ली मांड्यांवरून. एक हात टेकून उठला तर "चालेल". दोन्ही टेकले, शेजाऱ्याचा खांदा धरला आणि वर "आई गं" म्हटलं, की काका तोंडाशी नेलेली जिलबी परत पानात ठेवतात. "खातं बुडीत!"

लिफ्ट बंद असली की आपण जिन्यात त्यांच्या तावडीत सापडतो. धाप लागलेली असते, त्यामुळे वादही घालता येत नाही. "तिशीनंतर दर दहा वर्षांना ३ ते ८ टक्के स्नायू झडतात. साठीनंतर तर आणखी वेगानं. मुद्दल जातंय साहेब, मुद्दल!" पुढच्या मजल्यावर मधुमेह. "जेवणातली साखर सगळ्यात जास्त कोण जमा करून घेतं? स्नायू. ती शाखाच बंद केलीत, तर रोकड रक्तात फिरणार नाही तर काय करणार?"

नुसतं फिरायला जाणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चाला म्हणते, हे बागेतल्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. शिवाय २ दिवस स्नायूंना ताण द्या, असंही तीच सांगते. "पण ते 'अटी लागू'सारखं. वाचतो कोण?" मग १९९० सालचा बोस्टनचा प्रयोग निघतो. वृद्धाश्रमातले नव्वदीच्या घरातले लोक, ८ आठवडे पायांनी वजनं उचलली, ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. "एवढा परतावा आमच्या बँकेनं कधी दिला नाही." मी तिथला ठेवीदार होतो, त्यामुळे याला माझा दुजोरा आहे.

काकू मात्र सत्तरीतही जमिनीवर बसून पोळ्या लाटतात आणि एका हातात परात, दुसऱ्यात पोळपाट घेऊन तशाच उभ्या राहतात. हे खातं काकांनी अजून तपासलेलं नाही. ते तेव्हा पोळी खात असतात.

गेल्या महिन्यात काकांनी जिममध्ये नाव घातलं. फॉर्म भरणाऱ्या पोरानं विचारलं, "अंकल, गोल काय? वेट लॉस की बॉडी?"

"नव्वदीत गावच्या संडासातून कुणाला हाक न मारता उठायचंय."

पोरानं जरा विचार केला आणि 'इतर'पुढं खूण केली.