कामनं नही ते काढी टाक

(पडदा उघडतो. रंगमंचावर एक बाज, तिच्यावर गुंडाळलेली लाल दोरी, पितळी तांब्या. कोपऱ्यात टेबल फॅन, तो फक्त मान हलवतो, वारा देत नाही. कलाकार एकटाच. डोक्यावर टोपी चढवली की तो आप्पा, गळ्यात गमछा टाकला की धुळ्याचा साडू, कानाला पेन्सिल लावली की मिस्तरी. काकूंसाठी तो काहीच घालत नाही. नुसता आवाज खाली आणतो, आणि घर गप्प होतं.)

सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. या गोष्टीतले आप्पा खोटे, साडू खोटा, काकू खोट्या. नद्या, धरणं, कायदे, साली आणि आकडे तेवढे खरे.

तर आप्पा रावेरकडचे. केळीवाले. गळ्यात तुळशीची माळ. एका वर्षी केळीला भाव बरा लागला आणि आप्पांच्या हातात पैसा खुळखुळला. जळगाव जिल्ह्यात हातात पैसा आला की माणूस सराफ बाजाराची वाट धरतो. आप्पा मुंबईला गेले आणि बोट घेऊन आले. मासेमारीची नव्हे, मालवाहतुकीची नव्हे. नुसती फिरायची. अठरा फुटी, फायबरची, जुनी पण चकचकीत, मागे टांगलेलं इंजिन.

काकूंनी विचारलं, "चालवणार कुठं?"

(टोपी) "कुठं म्हणजे? तापी आहे ना आपली!"

तापी आहेच. मुलताईला निघते, ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेपलीकडे खंबातच्या आखाताला मिळते. वाटेत भुसावळ तालुक्यात तिला हतनूर धरण अडवतं, एकेचाळीस दरवाज्यांचं. पावसाळ्यात त्यातले किती दरवाजे उघडले याची बातमी जळगावकर परीक्षेच्या निकालासारखी वाचतात. त्या फुगवट्यावर बोट सोडायची, हा आप्पांचा बेत. धरणाच्या पाण्यात खासगी बोट घालायची तर परवानगी लागते. आप्पांनी अर्ज केला होता. अर्ज पुढे सरकला होता. कुठे, ते अर्जालाच ठाऊक.

बोट ट्रेलरवरून आली. नाशिक, मालेगाव आणि मग धुळं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना कापतात, आणि आप्पांच्या नात्यातले सगळे सल्लेही तिथंच येऊन आडवे पडतात, कारण साडू धुळ्याचा. मे महिना, पांझरा नदीत वाळू, ऊन डोक्यात गेलेलं, आणि रस्त्यावरून बोट चाललेली. चौकात एका म्हातारबाबानं ट्रेलर थांबवून चिंतेनं विचारलं, "पुराचा इशारा आलाय का?"

(गमछा.) साडूनं बोटीभोवती एक फेरी मारली. बैलबाजारात मारतात तशी. दात तेवढे बघितले नाहीत.

"साडूभाऊ, हाई काय शे?"

"पेला ठेवायचं भोक."

"आनि हाई?"

"तेही पेल्याचंच."

अशी नऊ भोकं निघाली. साडूनं पितळी तांब्या आणून एकेकात बसवून पाहिला. एकात बसेल तर शपथ. साडूनं तिथल्या तिथं निकाल दिला, "कामनं नही ते काढी टाक!" आणि पाना आणायला घरात गेला.

धुळ्याचा माणूस यंत्रावर बोलायला लागला की साक्षीला थेट विश्वेश्वरय्यांना काढतो. त्यात खोटं काही नाही. १८८४ साली सरकारी नोकरीत लागलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांनी सुरुवातीच्या काळात धुळ्याकडेच काम केलं, पांझरेच्या पाटाचं पाणी नळातून पलीकडे नेलं. साडू हे अभिमानानं सांगतो. फक्त ते नळ बसवून गेले, काढून नव्हे, एवढा बारीक तपशील तो गाळतो.

साडूचा काढण्यातला अनुभव मात्र दांडगा. त्याच्या मोटारसायकलला साडीगार्ड नाही. शोरूममधून गाडी निघाली आणि पहिल्याच गॅरेजवर ते उतरलं, 'लूक' जातो म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला पायटा हवा आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला निम्म्याहून कमी नाही एवढं झाकण हवं. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे मागे बसलेली बाई होती. साडीगार्ड काढणारा पुढे बसलेला असतो. त्याच साडूच्या घरी सोफ्यावरचं प्लॅस्टिक मात्र सात वर्षांत निघालेलं नाही. बसलं की चुर्रचुर्र वाजतं, उन्हाळ्यात उठलं की अर्धी कातडी तिथंच राहते. ते का नाही काढत? "नवीन शे ना!"

(कलाकार बाजेवर बसतो. चुर्रर्र असा आवाज तोंडानं काढतो. दचकून उठतो.)

असो. बोट पारोळा, एरंडोल, जळगाव करत घरी पोचली. खळ्यात लिंबाखाली उभी राहिली. पाठोपाठ साडू पान्यांसकट आला आणि मुंबईहून मिस्तरी आला, मूळचा अलिबागकडचा. आता बैठक बसली. विषय एकच: काय ठेवायचं आणि काय काढायचं.

पहिला मान मासळीच्या टाकीचा. बोटीच्या मागच्या अंगाला झाकणाची टाकी असते, पंपानं आत ताजं पाणी खेळवायचं, म्हणजे धरलेला मासा घरी जाईपर्यंत जिवंत राहतो. शेजारी गळाच्या काठ्या उभ्या करायला चार नळ्या. हे ऐकून आप्पांचा हात आपसूक माळेकडे गेला. माळकऱ्याच्या घरात मासळीची टाकी!

"काढी टाक!" साडू.

काकूंनी झाकण उचलून आत पाहिलं. म्हणाल्या, "ताकाचं भांडं मावतं." टाकी राहिली. चार नळ्यांचं काय? काकूंनी एकीत उदबत्ती उभी केली. झालं.

मग तो खांब. बोटीच्या मधोमध उभा, चांगला मनगटाएवढा जाड. मिस्तरीनं सांगितलं, याला दोर बांधतात, दुसऱ्या टोकाला पायाला फळ्या बांधलेला माणूस, आणि त्याला पाण्यावरून ओढत नेतात. १९२२ साली अमेरिकेत मिनेसोटाच्या एका सरोवरावर राल्फ सॅम्युअलसन नावाच्या पोरानं हे पहिल्यांदा करून दाखवलं.

(टोपी) "म्हंजे बोट घ्यायची, आन् बोटीत बसायचं नाही?"

खांबावर तिघांचं एकमत झालं. खानदेशात तीन माणसांचं एकमत क्वचित होतं, म्हणून लगेच चहा झाला.

पुढच्या टोकाला दोन दिवे. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. जगभर हेच. अंधारात आडवी येणारी बोट आपल्या उजव्या हाताला असेल तर तिचा लाल दिसतो, आणि लाल दिसला की वाट आपण द्यायची. साडू म्हणाला, हतनूरवर रात्री आडवं येणार कोण? प्रश्न रास्त होता. हिवाळ्यात चक्रवाक येतात, पण ते वाट मागत नाहीत. तरी दिवे राहिले. कारण साधं: आप्पांना आवडले.

कापडी छतावर तर चर्चाच झाली नाही. ज्यानं मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जाताना सोसलाय, तो छत काढायचं नाव काढत नाही.

आता ती लाल दोरी. (बाजेवरची दोरी उचलतो. मनगटाला बांधतो.) एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला, दुसरं इंजिनाच्या खटक्याला. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद. दोरी नसेल तर माणूस पाण्यात, आणि बोट त्याच्याचभोवती गोल गोल फिरत राहते, पंख्याचं पातं घेऊन. अमेरिकेत सव्वीस फुटांखालच्या बोटींना ही दोरी लावूनच चालवायची सक्ती १ एप्रिल २०२१ पासून झाली. तारीख ऐकून साडू हसला. "एप्रिल फूल शे भाऊ!"

आणि शिडी. मागे घडी घालून ठेवलेली, चार पायऱ्यांची. साडू म्हणे, बोटीत चढायला काठ आहे, शिडी कशाला? वजन कमी व्हई. आप्पाही डुलले. तेव्हा काकू चुलीपाशून म्हणाल्या, आवाज न चढवता,

"आवं, तुम्ही पडले तं वर कशे येणार?"

(थांबतो. पंख्याची मान डावीकडून उजवीकडे जाते. परत येते.)

ओले कपडे, बोटीची कड छातीच्या वर, पायाखाली काही नाही. धडधाकट जवानही त्या कडेला लोंबकळत राहतो. कोरड्या खळ्यात चार माणसं होती, पण पाण्यात पडलेल्या माणसाच्या बाजूनं विचार एकीनंच केला. शिडी राहिली.

मग मिस्तरीनं कानाची पेन्सिल काढली. आतापर्यंत तो चहाच पीत होता. म्हणाला, "काढा की. काढणं सोपं आहे. भोकाचं काय करणार?"

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बोटीवरची प्रत्येक वस्तू म्हणजे एक-दोन भोकांवर ठोकलेलं बूच. फायबरच्या दोन थरांमध्ये बऱ्याच बोटींत हलकं लाकूड भरलेलं असतं. वरचा स्क्रू काढला आणि भोक उघडं ठेवलं की पाणी आत झिरपतं, लाकूड कुजतं, जमीन पायाखाली गादीसारखी दबते. वजन कमी करायला गेलात आणि बोट पाणी पिऊन जड झाली. पाण्याखालच्या भोकाची तर गोष्टच वेगळी. एक इंचाचं भोक पाण्याखाली फूटभर असेल तर मिनिटाला निदान दोन-तीन बादल्या आत. ते बुजवायचं तर नुसता लांबी-भराव चालत नाही. भोकाभोवती फायबर घासून उतार करायचा, जाडीच्या बारापट लांब. अर्धा इंच जाडीला सहा इंच. मग काचेच्या कापडाचे थर, इपॉक्सी, पुन्हा थर.

साडूनं पाना हळूच गमछ्यात गुंडाळला.

बोट हलकी करण्याचा नाद जगात नवा नाही. १९६८ साली एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीला फेरी मारायची पहिली शर्यत लागली. त्यात बर्नार्ड म्वातेसिए नावाचा फ्रेंच माणूस होता. निघण्यापूर्वी प्लिमथला त्यानं बोटीतून काय काय उतरवलं? नांगर, साखळ्या, नांगर ओढायचं यंत्र, रंगाचे डबे, आणि चक्क इंजिन. बोट पळाली झकास. इतकी झकास की शर्यत अर्धवट सोडून हा गडी ताहितीला निघून गेला. जिंकला इंग्रज रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ३१२ दिवसांत. त्याची 'सुहेली' बत्तीस फुटी, सागवानी, आणि बांधलेली कुठं? मुंबईत! त्यानं नकाशे मागवले होते एका बोटीचे, टपालानं आले दुसऱ्याच बोटीचे. तो म्हणाला, आलेत ना, बांधा. वाटेत तिचा रेडिओ गेला, आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं, इंजिन गंजून अडकलं. म्हणजे एकानं वस्तू आधीच काढल्या, दुसऱ्याच्या समुद्रानं काढून घेतल्या.

हे ऐकून आप्पांना मुंबईचा इतका अभिमान वाटला की त्यांनी मिस्तरीला आणखी एक चहा दिला.

कायदाही मध्ये आहेच. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता देशाच्या आतल्या पाण्यातल्या जहाजांसाठी २०२१ चा कायदा आहे. इंजिनाच्या नावेची तपासणी, नोंदणी, आणि नोंदीतल्या तपशिलात बदल होईल असं काही केलं तर ते कळवायचं. साडूच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा चिंता दिसली, पण ती बोटीची नव्हती. त्यानं हळूच विचारलं, "साडीगार्ड लावाले कितला खर्च येस?"

शेवटी खांब निघाला. त्याची चार भोकं मिस्तरीनं नीट बुजवली, पैसे घेतले, आणि रात्रीच्या गाडीनं गेला.

अर्ज मात्र पुढेच सरकत राहिला. एक उन्हाळा गेला, दुसरा आला. बोट खळ्यात, लिंबाखाली, ट्रेलरवर. पण रिकामी एक दिवस नाही. छताखाली दुपारी पोरं पत्ते कुटतात. शिडीवरून काकू वर चढतात आणि पुढच्या पसरट भागावर बिबडे वाळत घालतात. मासळीच्या टाकीत ताक गार राहतं. नऊ भोकांत नऊ नातवंडांचे ग्लास. बोटीचा भोंगा वाजला की मळ्यातली माणसं जेवायला येतात; भोंग्याची हाक दोन शेतं पलीकडे जाते. रात्री लाल-हिरवे दिवे लावले की पाहुण्याला घर सापडतं. "आप्पांचं घर कोणतं?" "डावीकडे लाल दिसंन, तिथं."

एक दिवस साडू पुन्हा आला. साडीगार्ड लावलेल्या मोटारसायकलवरून, मागे मेहुणीबाई. त्यानं बोटीभोवती तीच बैलबाजारातली फेरी मारली. छत बघितलं, शिडी बघितली, ताकाची टाकी उघडून एक ग्लास ओढला. मग मागच्या बाजूला येऊन थबकला. इंजिनावर धूळ, धुळीत चिमणीचं घरटं.

(गमछा. इंजिनाकडे बोट दाखवत.)

"साडूभाऊ... हाई काय कामनं शे?"

(टोपी. बराच वेळ शांतता. आप्पा मनगटाची लाल दोरी सोडतात, बाजेवर ठेवतात.)

"पाना आणलाय का?"

(काकूंचा आवाज, खालच्या पट्टीत.) "चिमणी उडाल्यावर."

(अंधार.)