सांगाडेबुवा

उत्तर अमेरिकेतील सुपीरियर, मिशिगन, ह्यूरॉन, ईरी आणि ऑन्टारिओ या पाच महासरोवरांच्या काठी ऑक्टोबर महिन्यात माणसांची एक जात ठळकपणे दृष्टीस पडू लागते; तिला सोयीसाठी 'सांगाडेबुवा' म्हणता येईल. या सरोवरांच्या काठाजवळचे पाणी हिवाळ्यात गोठते, गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि फुगताना कोणाच्या होडीची भीडभाड ठेवीत नाही. म्हणून हौशी लोकांच्या होड्या पाण्याबाहेर काढून, कणा लाकडी ठोकळ्यांवर आणि दोन्ही कुशी लोखंडी टेकूंवर पेलून, वसंतापर्यंत जमिनीवर उभ्या केल्या जातात. त्यांवर ताडपत्री घालावी लागते आणि ताडपत्रीला तोलून धरणारा सांगाडा लागतो. बुवांचा अवतार एवढ्याच कार्यासाठी झालेला असतो.

सांगाड्याची रचना जुन्या कौलारू घराच्या छपरासारखी असते: मधोमध लांबीभर आढे, त्याखाली खांब आणि आढ्यापासून दोन्ही काठांकडे उतरणारे वासे. शिडाच्या होडीची डोलकाठी उतरवून तिलाच आढे करण्याचीही पद्धत आहे. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्यांनी, झाकतात आणि त्या कामाला शाकारणी म्हणतात. परंतु तेथे हे काम हातांना पाठ असल्यामुळे कोणी त्याचा नकाशा काढीत बसत नाही. बुवा मात्र नकाशा काढतात, आणि तोही भर ऑगस्टात, वारा उत्तम असताना, होडी धक्क्याला बांधून ठेवून, तिच्याच टपावर वही उघडून काढतात. शीड उभारण्यासाठी आलेल्या पाहुण्यांना मोजपट्टीचे दुसरे टोक धरावे लागते.

बुवांचा आवडता विषय बर्फाचे वजन हा होय. ताजा बर्फ भुसभुशीत असतो आणि साधारण २५ सेंटिमीटर थराचे पाणी केले तर ते जेमतेम अडीच सेंटिमीटर भरते. तरीही त्याचा भार दर चौरस मीटरला सुमारे २५ किलो होतो, म्हणजे ८ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद होडीच्या डोक्यावर एका रात्रीत जवळजवळ एक मारुती ८०० येऊन बसते. उतार कमी पडला तर बर्फ घसरत नाही, ताडपत्रीला झोळी पडते, झोळीत वितळलेले पाणी साचते आणि साचलेले पाणी पुन्हा गोठते. हे सर्व खरे आहे, आणि म्हणूनच ते ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसते. कोणाच्याही घरी जेवायला गेले तरी बुवा दोन सुऱ्या एकमेकींना टेकवून ४५ अंशांचा उतार दाखवतात; यजमानीण दुसऱ्या सुऱ्या आणून ठेवते.

लाकडाच्या बाबतीत तेथील बाजारात 'दोन बाय चार' नावाची पट्टी मिळते, जी रंधून आणि वाळवून विकली जात असल्यामुळे प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच भरते. ही फसगत बुवा प्रत्येक नवख्याला समजावून सांगतात आणि स्वतः खाचा मात्र दोन इंचांच्या पाडतात. मग सांगाडा खिळखिळा वाजू लागतो, त्यात पाचरी ठोकल्या जातात, आणि काही वर्षांनी तो मुख्यतः पाचरींचाच बनलेला असतो.

वसंतात सांगाडा सोडवताना प्रत्येक तुकड्यावर खूण करण्याचा कुळाचार आहे. 'उजवा ३' असे लिहिले जाते. परंतु उजवा म्हणजे नाळेकडे, अर्थात होडीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभ्या असलेल्याचा की उलट दिशेला पाहणाऱ्याचा, हे लिहायचे राहते. नेमका हाच घोटाळा टाळण्यासाठी दर्यावर्दी लोक होडीच्या बाजूंना पोर्ट आणि स्टारबोर्ड म्हणतात, आणि होडीवर चुकून 'डावीकडे' म्हणणाऱ्या पाहुण्यावर बुवा खेकसतातही. ऑक्टोबरात तेच बुवा हातात वासा धरून होडीभोवती तीन प्रदक्षिणा घालतात.

वाऱ्याशी त्यांचे वैर जुने आहे. ताडपत्रीची दोरी टेकूला बांधू नये, हा नियम जीवनमरणाचा आहे, कारण ताडपत्री फडफडू लागली की दोरी टेकू उपटते आणि होडी आडवी होते. हा नियम पाळून बुवा ताडपत्रीच्या काठाला पाण्याने भरलेले प्लास्टिकचे कॅन लोंबकळत ठेवतात. पाणी गोठताना ९ टक्क्यांनी फुगते, हा सिद्धांत कॅननाही लागू आहे, असे डिसेंबरात आढळून येते.

हवा खेळती राहावी म्हणून आच्छादनाची दोन्ही टोके उघडी ठेवावी लागतात. पहिल्या वर्षी कोणताच बुवा हे मानत नाही. तो सर्व फटी चिकटपट्टीने बंद करतो आणि वसंतात गाद्यांवर बिघडलेल्या लोणच्यासारखी बुरशी आलेली पाहतो. दुसऱ्या वर्षापासून तोच इतरांच्या होड्यांपाशी थांबून, मान हलवून, "गुदमरतेय बिचारी," असे म्हणू लागतो. बुवांच्या दीक्षेचा विधी तो हाच.

एखाद्या गृहस्थाने प्लास्टिकची पातळ चादर तापवून होडीला घट्ट आवळून घेण्याची सेवा विकत घेतली, तर बुवांना ती आपली वैयक्तिक मानहानी वाटते. ते काम काही तासांत उरकते, हीच त्यांची मुख्य हरकत असते.

बुवांचे वय झाले की होडी विकली जाते. सांगाडा दुसऱ्या कोणत्याही होडीला बसत नसल्यामुळे तो घेणाऱ्याला फुकट मिळतो, आणि पहिल्या ऑक्टोबरात तो उभारायला बुवाही फुकट येतात.