तीन रात्रींचा भाडेकरार

जनतेकडून हरकती व सूचना मागवणं याच्याइतकी निरुपद्रवी प्रथा दुसरी नाही. मसुदा निघतो, तीस दिवसांची मुदत पडते, लोक अर्ज देतात, अर्जावर पोचीचा शिक्का बसतो आणि मसुदा होता तसाच कायदा होतो. भाडेकरूंच्या हक्कांचा हा सोहळा आचऱ्यात अजून झाला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मालवण तालुक्यातल्या या गावाची दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव गुरंढोरं, कुत्री-कोंबड्यांसकट वेशीबाहेर. तीन दिवस, तीन रात्री. माळावर खोपी उठतात. चार बांबू, वर चुडतं, तीन दगडांची चूल, आणि पायाला सुतळी बांधलेली कोंबडी सुतळी पुरेल तेवढ्याच हद्दीत हिंडते.

कायद्याने पाहिलं तर हा भयंकर प्रकार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे घरमालक शोधत थेट गाभाऱ्यात जावं लागेल. एका म्हाताऱ्याला मी हे समजावलं. तो म्हणाला, "भाडां कोणाक देवचा? देवान भायर काढल्यान, तेकाच इचार."

मुंबई-पुण्यातले सुशिक्षित गावपळणीला अंधश्रद्धा म्हणतात, ते योग्यच. त्यांचा करार अकरा महिन्यांचा असतो. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नसे, म्हणून अकरा आले. पुढे कायद्याने प्रत्येक करार नोंदवायला लावला, तरी अकराच राहिले. कारण संपलं तरी विधी सोडायचा नाही, ही निष्ठा आचरेकरांनी शिकावी. अकरा महिने सरले की घरमालकाचा कौल होतो. उजवा मिळाला तर दहा टक्के वाढ, डावा मिळाला तर गादी, गॅस सिलिंडर, तुळशीची कुंडी टेम्पोत. फरक एवढाच की आचरेकर चौथ्या दिवशी आपल्या घरी परत येतो. शहरी माणूस असला मागासपणा करत नाही.

म्हणून माझी सूचना. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. तीन रात्रींच्या खोपीला ती पुरती भरून घ्यावी. मुदत उलटून राहणाऱ्याला त्याच कायद्यात पहिले दोन महिने दुप्पट भाडं आहे. कधी परतीचा कौल मिळत नाही आणि मुक्काम लांबतो. तेव्हा ही दुप्पट रक्कम भक्ताकडून वसूल करावी की देवाकडून, एवढ्या मुद्द्यावर खुशाल हरकती मागवाव्यात.

सूचना गावातल्या फलकावर लावावी आणि जनसुनावणी गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, गावातच ठेवावी. त्या वेळी गावात चिटपाखरू नसतं. इतिवृत्तात "एकही हरकत प्राप्त नाही" हे अक्षरशः खरं लिहिता येईल, आणि असा योग अधिकाऱ्याच्या नोकरीत एकदाच येतो. अडचण एकच आहे. सतरंजी घालणारा शिपाई आचऱ्याचाच, आणि तो त्या वेळी वेशीबाहेर निखाऱ्यावर बांगडे परतत असणार.