अर्धा किलो रबर

मस्कीसाठी रीळ कोणतं घ्यावं, या प्रश्नावरून मिनेसोटात कुणाचा घटस्फोट झाल्याचं अजून माझ्या ऐकिवात नाही. पण दोन सख्ख्या भावांनी होड्या वेगळ्या केल्याचं उदाहरण आमच्याच रस्त्यावर आहे. एरवी ही माणसं फार सोशिक. गुडघाभर बर्फ पडला तरी 'यापेक्षा वाईट पाहिलंय' एवढंच म्हणतील. राजकारण, धर्म आणि पगार हे विषय चारचौघांत काढणार नाहीत. मात्र मिनेटोंका तळ्याच्या धक्क्यावर उभं राहून 'पाच पॉइंट तीन बरं, की सहा पॉइंट सहा?' एवढंच पुटपुटा आणि बाजूला व्हा. तास-दीड तासाची करमणूक फुकटात होते.

मस्की म्हणजे मस्कलंज. गोड्या पाण्यातला दांडगा शिकारी मासा. लांबट अंग, चपटा जबडा आणि त्यात बोट घालायची छाती होऊ नये असे दात. चार फुटी मस्की इथल्या तळ्यांत अगदीच अप्रूपाचा नाही. लहान मासे, बेडूक, बदकाची पिल्लं, समोर येईल ते तो खातो. फक्त आपण टाकलेलं तेवढं खात नाही. 'दहा हजार फेकींचा मासा' अशी त्याची ख्याती आहे. शेजारच्या विस्कॉन्सिननं 1955 साली त्याला राज्याचा अधिकृत मासा केलं. जो कधी जागेवर सापडत नाही त्याला मान द्यायचा, ही रीत मी तोवर फक्त सरकारी साहेबांच्या बाबतीत पाहिली होती.

मासा मोठा, म्हणून त्याला दाखवायचं खोटं आमिषही मोठं. इथे 'बुलडॉग' नावाचं रबरी आमिष मिळतं; त्याचा थोरला भाऊ 'पाउंडर' नावाला जागून एक पौंडाचा, म्हणजे साडेचारशे ग्रॅमचा असतो. 'डबल काउगर्ल' म्हणजे चमचमत्या झिरमिळ्यांचा झुबका आणि त्याच्यापुढे गरगरणारी दहा नंबरची दोन पाती. अँटिगो गावच्या 'मेप्स'वाल्यांची काही आमिषं तर खारीच्या शेपटीच्या केसांची असतात, आणि त्या शेपट्या ते शिकाऱ्यांकडून विकत घेतात. मिनेसोटात शेपूट विकून गळ घेणारी माणसं भेटतात, हे मी पुण्यात सांगितलं तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही.

नवशिक्याला वाटतं, रीळ दणकट हवं ते माशाशी झुंजण्यासाठी. माशाशी झुंज मिनिटांची असते, तीही नशिबात असेल तर. बाकी सगळा दिवस माणूस त्या अर्धा किलो रबराशी झुंजत असतो. फेका, ओढा, फेका, ओढा. तेव्हा रिळाची तुलना माशाच्या वजनावरून करणारा माणूस दिसला, की तो अजून पहिल्या हंगामात आहे हे ओळखावं.

मस्कीसाठी वापरतात ते 'बेटकास्टर' जातीचं रीळ. त्यात दोरीची फिरकी स्वतःच फिरते. आमिष हवेत झेपावतं, दोरी ओढतं, फिरकी गरगरते. इथवर सगळं ठीक. मग आमिषाचा वेग कमी होतो, पण फिरकीला ते कुणी कळवत नाही. ती आपल्याच नादात दोरी सोडत राहते, त्या दोरीला जायला जागा नसते आणि एका क्षणात रिळावर गुंता उभा राहतो. हे होऊ नये म्हणून आत ब्रेक असतात. काही रिळांत चुंबकाचे, काहींत फिरकीच्या वेगानं बाहेर फेकल्या जाणाऱ्या छोट्या ठोकळ्यांचे. पण खरा ब्रेक म्हणजे आपला अंगठा. तो फिरकीवर अलगद टेकवून ठेवायचा आणि आमिष पाण्याला लागायच्या आत दाबायचा. आपल्याकडे ज्याला अंगठेबहाद्दर म्हणून हिणवतात, त्याला इथे होडीत पुढची जागा मिळते.

आमचे एक कोल्हापूरकर मित्र आहेत. गिअरबॉक्सच्या धंद्यातले, त्यामुळे कोणत्याही यंत्राकडे 'ह्यात काय आहे एवढं?' अशा नजरेनं बघणारे. त्यांनी पहिल्यांदा पाउंडर फेकला तो कुस्तीच्या आवेशात. अंगठा उचललेला. अर्ध्या वाटेत गुंता पडला, ऐंशी पौंडांची विणलेली दोरी बंदुकीसारखी कडाडली आणि तीस-चाळीस डॉलरचा ऐवज एकटाच पुढे निघून गेला. कोल्हापूरकर त्याच्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "पण लांब गेला की नाही?"

गुंता सोडवायची इथली युक्ती मात्र सांगण्यासारखी आहे. दोरी उपसत बसायचं नाही. फिरकीवर अंगठा घट्ट दाबायचा, तसाच दाबून हँडलला दोन-तीन वळसे द्यायचे, मग बटण दाबून फिरकी मोकळी करायची आणि दोरी हळूच ओढायची. आत अडकलेला फास वर येतो, अन् पुष्कळदा सगळा गुंता सुटून मोकळा होतो. कोल्हापूरकरांनी ही युक्ती शिकल्यापासून जोरात फेकण्याचं प्रमाण वाढवलंय.

आता मुख्य भांडण. आमचे शेजारी ऐंशीच्या घरातले, स्वीडिश वंशाचे. त्यांच्याकडे 'आबू'चं लाल अँबॅसडर रीळ आहे, गोल, जड, पितळी दातांचं. आबू कंपनी 1921 साली दक्षिण स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावी निघाली ती घड्याळं करायला. मग तिनं टॅक्सीचे मीटर बनवले आणि दुसऱ्या महायुद्धात टॅक्सीचा धंदा बसल्यावर रिळांकडे वळली. पुण्या-मुंबईत मीटर कसं पळतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला या घराण्याच्या चाकांबद्दल आदर वाटणारच. त्यांच्या 6500 सी-थ्रीचा गिअर 5.3 ला 1. हँडलचा एक वळसा, फिरकीचे 5.3. आजोबांचं म्हणणं, याच्यावर गेलेलं सगळं थेर.

कोल्हापूरकर 'शिमानो'चे. योगायोग असा, की जपानमधल्या साकाई शहरातली ही कंपनीही 1921 चीच, आणि तिची सुरुवात सायकलच्या फ्रीव्हीलपासून. तिचं 'ट्रँक्स 500' म्हणजे अर्ध्या किलोच्या वरचं धूड आणि किंमत पाचशे डॉलरच्या आसपास. आजोबांचं रीळ नवं घेतलं तरी याच्या साधारण चौथाईत येतं. ट्रँक्समध्ये पुन्हा दोन पोटजाती: 4.6 ला 1 आणि 6.6 ला 1. कोल्हापूरकरांनी अर्थात मोठा आकडा घेतला. मोठं ते चांगलं, हा त्यांचा सिद्धांत रश्श्यापासून रिळापर्यंत एकच.

आणि सगळी मेख इथेच आहे. 6.6 च्या रिळानं ती दहा नंबरची दोन पाती ओढणं म्हणजे सायकलचा सर्वांत जड गिअर टाकून सिंहगड चढणं. हँडलच्या एका वळशात दोरी भरपूर येते, म्हणून प्रत्येक वळशाला जोरही तेवढाच लागतो. दुपारपर्यंत कोल्हापूरकर डाव्या हातानं उजवा दंड चोळताना दिसतात. आजोबा तोंडात पाइप धरून निवांत ओढत असतात. पण दुपारनंतर रबरी बुलडॉग निघाला की पारडं फिरतं. तो झटक्यानं ओढायचा, सोडायचा, तो खाली बुडतो, आणि ढिली पडलेली दोरी पटकन गुंडाळून पुढच्या झटक्याला तयार व्हायचं. तिथे आजोबांचं रीळ पुरं पडत नाही. मग आजोबा म्हणतात, रबर हे आमिषच नव्हे. वयाचा मान ठेवून आम्ही गप्प बसतो.

मस्की पुष्कळदा आमिषामागून थेट होडीपर्यंत येतो आणि नुसता बघतो. तेव्हा रॉडचं टोक पाण्यात खुपसून आमिषाचा आठचा आकडा काढायचा, हा इथला नेम आहे. वळणं मोठी आणि गोल हवीत. म्हणजे इंग्रजी आठ. मराठी आठ काढलात तर मासा शेवटच्या फराट्यावरून सरळ घरी जातो. या घडीला गिअर कितीचा, कंपनी घड्याळवाली की सायकलवाली, याला काडीची किंमत नसते. कोपरापर्यंत ओली बाही आणि घशाला पडलेली कोरड एवढंच कामाचं.

आमची सौ. मालवणची. तिच्या घराण्यात गरवायला जाणं हा छंद नव्हता, कालवणाची सोय होती. ट्रँक्सचं खोकं आमच्याही दाराशी आलं त्या संध्याकाळी तिनं शांतपणे विचारलं, "अहो, माझे काका कर्लीच्या खाडीत दोरा बोटाला गुंडाळून बसायचे. दिवेलागणीला तांबोशी घेऊन घरी. त्यांचा गिअर किती ला किती होता?" त्यावर मी सांगितलं, की मिनेसोटात 54 इंचांहून कमी लांबीचा मस्की ठेवताच येत नाही, आणि त्याहून मोठा लागला तरी मस्कीवाले फोटो काढून सोडून देतात. ही माहिती त्या वेळी द्यायला नको होती, असं कोल्हापूरकरांचं मत पडलं.

सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांना विस्कॉन्सिनमधल्या हेवर्ड गावी नेलं. तिथे गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं संग्रहालय आहे आणि अंगणात 143 फूट लांबीचा फायबरग्लासचा मस्की. त्याच्या पोटातून चढून जबड्यात उभं राहता येतं. याच गावाच्या आसपास 1949 साली, एकाच वर्षात, विक्रमी मस्की पकडल्याचे दोन दावे झाले. एक 67 पौंड 8 औंसांचा, दुसरा 69 पौंड 11 औंसांचा. एक संस्था पहिला मानते, दुसरी दुसरा, आणि वाद अजून मिटलेला नाही. मी हे सगळं रंगवून सांगत होतो. सासूबाई जबड्याच्या कडेला उभ्या राहून शेपटीपर्यंत नजर टाकत म्हणाल्या, "ह्येचे तुकडे किती पडतले?"

तेव्हा विचारलंतच तर माझा कौल असा. मोठी पाती ओढणार असाल तर पाचच्या आसपासचा किंवा त्याहून कमी गिअर, लांब हँडल आणि जड रीळ. खांदा दुवा देईल. रबर झटकणार असाल तर साडेसहाच्या पुढचं. दोन्ही करणार असाल तर दोन्ही घ्या, पण दुसरं पहिल्यासारखंच दिसणारं घ्या, म्हणजे घरात एकच आहे असं वाटतं. दोरी ऐंशी पौंडांहून कमी नको. आणि घाई करू नका: मिनेसोटात मस्कीचा हंगाम जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो, दुकानं वर्षभर उघडी असतात.