तिखट लागलं तर सांगा!

(रंगमंचावर एक टेबल, दोन खुर्च्या. टेबलावर पांढरं कापड, एक रिकामी बशी. नंदुरबारच्या वहिनी लगबगीनं येतात. डोक्यावर बेटावरची गवताची हॅट, अंगावर सहावारी.)

बसा, बसा. मी बालीला जाऊन आले. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही बाहेरगावचे दिसता, म्हणून तुम्हालाही सांगते.

आमच्या ह्यांचं नंदुरबारला कृषी सेवा केंद्र. बियाणं, खतं, औषधं. बियाण्याचं टार्गेट पूर्ण झालं की कंपनी डीलरला जोडीनं परदेशात नेते. शेतकरी बांधावर, डीलर बेटावर!

बेट काय सुंदर! नारळ, केळी, निळा समुद्र. सकाळी नाश्त्याला मोठ्या थाटात काय आलं? पपई! आमच्या शहाद्याहून ट्रक भरभरून जाते ती पपई. इथं चार फोडी आणि वर एक फूल. हे म्हणाले, "खाई ले. पैसा फूलना शेत."

शेवटच्या रात्री जेवण ज्याचं त्यानं करायचं होतं. फिरता फिरता एका हॉटेलाच्या पाटीवर लाल मिरचीचं चित्र दिसलं. हे म्हणाले, "चल, आपलेच लोक दिसतात."

आपले कुठले? स्पॅनिश निघाले!

वेटर आला. छातीवर नाव – वायान. ह्यांनी हाक मारली, "वायान!" तिघांनी वळून पाहिलं. बालीत म्हणे नावं जन्माच्या क्रमानं ठेवतात. पहिला वायान, दुसरा मादे, मग न्योमान, मग कतुत. पाचवा झाला की पुन्हा वायान. नाव काय ठेवायचं म्हणून आत्याबाईंनी रुसायची सोयच नाही!

मेनूकार्ड स्पॅनिश, वेटर बालीचा, गिऱ्हाईक अहिराणी. आमचं नवापूर स्टेशन बरं. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, पण निदान गाडी तरी कळते.

पहिलं आलं टोमॅटोचं सूप. गारढोण! ह्यांनी वाटी परत केली. "गरम करी लई ये, भाऊ." वायान म्हणाला, हे थंडच असतं, स्पेनमध्ये उन्हाळा फार कडक. हे म्हणाले, "कडक? मे महिन्यात नंदुरबारला ये. आम्ही चहा गरमच पितो."

मग भात आला, भल्यामोठ्या पसरट कढईत. केशर घातलेला, वास छान. पण खाली करपलेला! आमच्याकडं भात खाली लागला, तर सासूबाई तीन दिवस पाहुण्यांना सांगतात. इथं शेफनं मुद्दाम लावलेला. वायान म्हणाला, यातला सगळ्यात भारी भाग हाच. (कपाळाला हात लावते) म्हणजे वीस वर्षं मी स्पॅनिश स्वयंपाक करतेय आणि घरात कुणाला कदर नाही!

मग आले बटाटे. वर लालसर सॉस. वायाननं हात जोडले. "मॅडम, व्हेरी स्पायसी. तिखट लागलं तर सांगा."

(खुर्चीवर ताठ बसते.)

मला? अहो, माझं माहेर मिरचीच्या पथारीवाल्यांचं! हंगामात ओली लाल मिरची मार्केटला येते, आणि गावाबाहेर मोकळ्या रानात वाळायला पसरतात. जिकडं बघावं तिकडं लाल. बाया तोंडाला फडकी बांधून देठं खुडतात. त्या दिवसांत नंदुरबारात पाहुणा आधी शिंकतो, मग रामराम करतो.

मी एक बटाटा खाल्ला. ह्यांनी एक खाल्ला. आम्ही वाट पाहिली. हे म्हणाले, "तिखं नही लागनं." वायाननं पाण्याचा जग पुढं सरकवला. त्याला वाटलं, बोबडी वळली.

मंडळी, मला राग आला तो थेट कोलंबसाचा! 1492 साली हा बाबा स्पेनच्या खर्चानं मिरी शोधायला निघाला. लागला अमेरिकेतल्या भलत्याच बेटाला. तिथले लोक मिरची खात होते, ती यानं स्पेनला नेली. पुढं पोर्तुगीजांनी आपल्याकडं आणली. त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरी आणि आलं. बटाटा, टोमॅटो, तेही त्याच अमेरिकेतून गलबतात बसून आलेले. म्हणजे मिरची सगळ्यांत आधी घरी नेली स्पेनवाल्यांनी, आणि बटाट्यावर टाकताना हात आखडता?

शेफ स्वतः बाहेर आला. खास स्पेनचा. म्हणाला, आमच्याकडं ला व्हेरा भागात मिरची ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, कारण हंगामात पाऊस असतो. तिचं तिखट गोडसुद्धा मिळतं. हे म्हणाले, "गोड तिखट? आमच्या मार्केटमध्ये असं बोललास तर लिलाव बंद पडेल!"

शेफ पेटला. आत गेला आणि बशी घेऊन आला. छोट्या हिरव्या मिरच्या, तेलात तळलेल्या, वर जाडं मीठ. पाद्रोन गावची जात. म्हणाला, यातल्या बहुतेक गोड असतात, एखादीच तिखट. कुठली, ते देवालाही ठाऊक नाही. तीच तर गंमत!

हे बियाणंवाले. लगेच चष्मा लावला. (मिरची उजेडात धरून) "गंमत नाही भाऊ, पाणी जास्त होतंय. ताण दे. पाण्याचा ताण बसला की मिरची तिखट होते."

शेफ हसला. "ताण दिला तर सगळ्याच तिखट होतील, मग जुगार कुठं राहिला?"

हे गप्प झाले. मग म्हणाले, "वायान, याला सांग. आमच्याकडं पेरलं की पाऊस येईल का, हा जुगार. पाऊस आला की रोग पडेल का, हा जुगार. माल निघाला की भाव मिळेल का, हा तर मटकाच. एवढं सगळं खेळून माणूस घरी येतो, भाकरीवर ठेचा घेतो. तो तरी तिखट निघेल याची खात्री नको?"

वायाननं सांगितलं. शेफनं मान हलवली, पण पटलं नाही. म्हणाला, "नंदुरबारचा माणूस मिरचीनं कधी रडतच नाही का?"

मी म्हटलं, "मिरचीनं नाही. मिरचीच्या भावानं रडतो."

आम्ही खात राहिलो. एक गोड. दुसरी गोड. तिसरी गोड. शेफ दारातून आशेनं बघतोय. आणि अचानक ह्यांचे डोळे भरले! नाक लाल, कपाळावर घाम, आवाज बंद. शेफनं टाळ्या वाजवल्या. "सापडली! सापडली!" तिन्ही वायान धावत आले.

मी बशीत पाहिलं. मिरच्या केव्हाच संपल्या होत्या.

ह्यांच्या हातात बिल होतं. बारा लाख चाळीस हजार!

"अहो, रुपये नव्हे, रुपिया! आपल्या एका रुपयाला त्यांचे पावणेदोनशेच्या वर येतात. भागा, भागा!" ह्यांनी भागलं. साडेसहा हजारांच्या वर गेलं. पुन्हा भागलं. तेवढंच आलं.

मी शेफला म्हटलं, "बघ. शेवटी भावानंच रडवलं."

(हॅट काढून वारा घेत निघून जाते. पडदा.)