बक्षीस जेसीबी, पगार श्रीफळ

खेळाच्या धंद्यात शिरायचंय? सोपं आहे. पदवी घ्या, पुणं गाठा, क्रीडा व्यवस्थापनाच्या एमबीएला नाव घाला, फी भरा. धंदा लगेच सुरू होतो.

कॉलेजचा.

माहितीपत्रकात आयपीएलचा आकडा हमखास असतो. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. आकडा खराच आहे. ते पैसे क्रिकेट मंडळाच्या तिजोरीत गेले, एवढाच तपशील छापायचा राहतो. नव्या पदवीधराच्या गळ्यात ओळखपत्र पडतं आणि पदरात ‘अनुभव’.

सरकार तरी मागे का राहील? राज्याने २०२० साली क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला, बालेवाडीचा पत्ताही ठरला. पदवी देण्याची सोय कायद्याने होते. नोकरी देण्याची?

पुढचा प्रश्न.

जुन्नरच्या शिवछत्रपती कॉलेजातून आणि मंचरच्या अण्णासाहेब आवटे कॉलेजातून दरवर्षी नवे पदवीधर बाहेर पडतात. त्यांतल्या कित्येकांना खेळाचं वेड. त्यांच्या नकाशावर क्रीडा उद्योग म्हणजे गहुंजे, बालेवाडी, फार तर वानखेडे. आपल्या गावाच्या वेशीबाहेर जो चढ आहे, तिथे चैत्रात यात्रेला काय चालतं, ते मात्र त्या नकाशावर नाही. कारण तिथे कोणी टाय घालत नाही.

बैलगाडा शर्यत म्हणजे उद्योग नव्हे, असं कोणाचं म्हणणं असेल तर त्याने जरा यादी काढावी. खेळाडू आहेत, किंमत लाखांत. त्यांचा खुराक आहे, मालिश आहे, टेम्पो आहे, डॉक्टर आहे. संघमालक आहेत, त्यांच्या नावाचे टी-शर्ट आहेत. मैदान आहे, त्याला घाट म्हणतात. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण आहे. आणि ‘भिर्रर्र’ अशी आरोळी ठोकून अख्खा घाट उभा करणारा निवेदक आहे.

प्रेक्षक तर असा, की कोणत्या बैलाने कोणत्या घाटात किती सेकंद घेतले हे त्याला तोंडपाठ. स्वतःच्या मुलाची इयत्ता विचारली की तो बायकोकडे बघतो.

प्रायोजक? फ्लेक्स बघा. त्यावर बैल शोधून दाखवा.

सातारा-सांगलीकडे बैलजोड्या एकमेकींशी पळतात, गाडीवर गाडीवान असतो. आपल्याकडची रीत वेगळी. चार बैल, पुढे घोडी, आणि लढत घड्याळाशी. गाड्यावर हाकायला कोणीही बसत नाही.

उद्योगाची रचनाही हुबेहूब हीच.

या उद्योगाने जे सोसलंय, ते भल्याभल्या कंपन्यांना झेपलं नसतं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. २०१७ साली राज्याने कायदा दुरुस्त केला, तर तो उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने त्यावर शिक्का मारला. म्हणजे साडेसात वर्षं दुकान बंद. तरी कित्येक गाडामालकांनी बैल दावणीला बांधून पोसले, एक रुपयाची आवक नसताना. बारी पुन्हा सुटली त्या दिवशी घाटात पाय ठेवायला जागा नव्हती.

सात वर्षं शटर खाली ठेवून गिऱ्हाईक टिकवण्याचा धडा कुठल्या एमबीएला आहे?

बंदी असो नसो, एक गोष्ट मात्र जोरात चालू राहिली. राजकारण. लांडेवाडीचे शिवाजीराव आढळराव पाटील तीनदा खासदार झाले, नारायणगावचे डॉ. अमोल कोल्हे दोनदा. दोघांच्याही प्रचारात बैल होता, आणि शर्यत सुरू झाल्यावर श्रेयाचीही शर्यत झाली. कोल्हे यांनी तर दिलेला शब्द पाळत फेब्रुवारी २०२२ मध्ये निमगावच्या खंडोबाच्या घाटात बैलगाड्यापुढे घोडीवर मांड ठोकली. डॉक्टर, अभिनेते, खासदार. इतका शिकलेला माणूस घाटात उतरला, तर मोबदला काय?

टाळ्या.

आणि इथेच खरी गोम आहे. या खेळात पैसा नाही असं म्हणायची सोय नाही. मे २०२२ मध्ये चिखलीला झालेल्या शर्यतीच्या बक्षिसांत जेसीबी होता, बोलेरो होती, ट्रॅक्टर होता. गावोगावच्या घाटात ‘घाटाचा राजा’ला वेगळं इनाम, फळीफोड गाड्याला वेगळं. ढाल, दुचाकी, रोख, जो देईल ते. बक्षीस द्यायला माणसं रांगेत उभी असतात, कारण बक्षिसाबरोबर फोटो निघतो.

पगार देताना कोणाचा फोटो निघालेला पाहिलाय?

म्हणून या उद्योगात बक्षिसाला जेसीबी आहे, पण गाड्यांच्या पाळीच्या टोकनची यादी लावणाऱ्याला, घड्याळावर दिवसभर उन्हात बसणाऱ्याला, वर्गणीचा हिशेब लिहिणाऱ्याला पगार नाही. त्याला शाल, श्रीफळ आणि माइकवरून नावाचा उल्लेख. नाव बहुधा चुकीचं.

बरं, काम हलकं आहे का? शर्यतीला परवानगी हवी तर पंधरा दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. पन्नास हजारांची अनामत. बैल पळायला तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला. धाव हजार मीटरच्या आत. चाबूक नाही, शॉक नाही. बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. हे सगळे कागद नीट वाचून, भरून, शिक्के मारून आणायचे. यात्रा समितीत हे कोण करतं?

ज्याच्याकडे लॅपटॉप आहे, तो.

तोच आपला बी.कॉम. झालेला पोरगा. क्रीडा उद्योगात तो कधीचाच कामाला लागलाय. त्याला हे माहीत नाही, समितीला माहीत नाही, आणि त्याच्या बँकेच्या खात्याला तर मुळीच नाही.

आता त्याच यात्रेची रात्र बघा.

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. इथे कलेला भाव असतो आणि तो आधी ठरतो. गावोगावचे कारभारी येतात, तारीख सांगतात, फडमालक सुपारीचा आकडा सांगतो. घासाघीस होते, कागदावर सह्या होतात, विसार हातात पडतो, मगच वहीत तारीख चढते. कालाष्टमी मागितली तर दर चढा, कारण त्या दिवशी यात्रा असणारी गावं उदंड आणि फड मोजके. विमान कंपन्या हेच करतात तेव्हा त्याला शास्त्र म्हणतात. राहुटीत त्याला व्यवहार म्हणतात.

म्हणजे तीच समिती, तीच वर्गणी, तेच मैदान. रात्रीच्या खेळाला दर आहे, विसार आहे, करार आहे. दिवसाच्या खेळात राबणाऱ्याला मान आहे.

फडमालकाला कोणी म्हणतं का, ‘आपलंच गाव आहे, घ्या सांभाळून’? पदवीधराशी बोलणी मात्र याच वाक्याने सुरू होतात. संपतातही याच वाक्याने.

खेळाच्या जिवावर रोकडा चालणारा एक धंदा आपल्या भागात आहे, नाही असं नाही. पोलीस भरतीची अकॅडमी. मैदानी चाचणीला पन्नास गुण: मुलांना सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. त्यासाठी पहाटे अंधारात पोरं पळत असतात. शिपाई व्हायला पात्रता बारावीची, पळणाऱ्यांत पदवीधर कितीतरी. मग क्रीडा उद्योगात पदवीधरांना स्थान नाही, असं कोणी म्हणावं?

आहे ना. गिऱ्हाईकाचं.

आणि शिट्टी कोणाच्या तोंडात? पुष्कळदा मागच्या भरतीत दोन गुणांनी हुकलेल्याच्या. या धंद्यातलं पक्कं पद मिळायला आधी नापास व्हावं लागतं.

सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. चांगली गोष्ट. पण मध्यंतरी राज्यात ट्रॅम्पोलिनची बनावट प्रमाणपत्रं उघडकीला आली. ज्यांनी ट्रॅम्पोलिन डोळ्यांनी पाहिलं नसेल, असे उमेदवार त्या खेळाच्या कागदावर थेट सरकारी खुर्चीत जाऊन बसले.

उडी म्हणावी ती याला.

डोंगराकडे वळा. जुन्नर तालुका २०१८ साली विशेष पर्यटन क्षेत्र जाहीर झाला. नाणेघाट आहे, जीवधन आहे, त्याच्या शेजारी गिर्यारोहकांची परीक्षा घेणारा वानरलिंगी सुळका आहे, खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाची वाट आहे. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. माणशी फी शहरातच ऑनलाइन जमा झालेली असते. घाटघरच्या घरात पिठलं-भाकरीचे पैसे येतात, आणि पुढे चालून वाट दाखवणाऱ्या पोराला, ‘किती देऊ?’

तो म्हणतो, ‘द्या काहीतरी.’ आणि काहीतरीच मिळतं.

२०२१ साली राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक, सुरक्षेची साधनं, सगळं त्यात आहे. उत्तम. आता स्थिती अशी, की वाट ज्याला माहीत त्याच्याकडे कागद नाही, आणि कागद ज्याच्याकडे आहे तो याला वाट विचारतो. खरं तर एखाद्या बी.कॉम.वाल्याला दुकान मांडायला यापेक्षा चांगली जागा कोणती? गावातल्या चार पोरांना प्रशिक्षणाला पाठवा, नोंदणी करा, विमा उतरवा, माणशी दर छापा, पावती द्या. भांडवल फार नाही. लाज तेवढी सोडावी लागेल, ओळखीच्या माणसाकडे पैसे मागण्याची.

ती सोडायला एमबीएलाही शिकवत नाहीत.

घरी हे सांगून बघा. वडील ऐकून घेतील आणि म्हणतील, ‘टोमॅटो बांधायला माणूस मिळत नाहीये.’ त्यांचंही चूक नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने जुन्नरमध्ये कोट्यधीश केले. वर्तमानपत्रांत फोटो आले. क्रीडा व्यवस्थापनाने तालुक्यात केलेल्या कोट्यधीशाचा फोटो अजून यायचाय. पण त्याच टोमॅटोने रस्त्यावर ओतायची वेळही आणलेली आहे, हे वडील त्या दिवशी बोलत नाहीत.

शहरातल्या क्रीडा कंपन्यांकडे जाऊच नका, असं मी म्हणत नाही. जा की. पण मुलाखतीत ‘खेळाची आवड आहे’ हे वाक्य म्हणू नका. आवड असलेल्याला पगार कमी सांगतात. त्याऐवजी सांगा, की मी पाच हजार माणसांच्या घाटात तीनशे गाड्यांची टोकनं लावली, भांडण होऊ दिलं नाही, पन्नास हजारांची अनामत कापू न देता परत आणली. समोरचा माणूस पेन खाली ठेवील. कारण त्याच्या शहरातल्या स्पर्धेत दोनशे धावपटूंचे नंबर वाटताना गोंधळ झालेला असतो.

यात्रा समित्यांना एकच सांगणं. यात्रा झाली की देवळाच्या फळ्यावर जमाखर्च लावता. मंडप लिहिता, तमाशा लिहिता, बक्षिसं लिहिता, चहा-पाणीसुद्धा लिहिता. त्यात शर्यतीच्या कामाचे पैसे अशी एक ओळ घाला. एका फ्लेक्सच्या खर्चात सुरुवात होईल. एक चेहरा कमी छापा.

कोणाचा, ते तुम्ही ठरवा. आम्ही त्या भांडणात नाही.

आणि पोरांनो, चैत्राच्या बऱ्याच आधी समितीची बैठक होते. जा. परवानगीचे कागद, टोकन नोंदणी, प्रक्षेपणातल्या जाहिराती, जमाखर्च, प्रत्येक कामाचा दर लिहून न्या. निम्मा विसार मागा. नारायणगावच्या राहुटीत मागतात तसाच, नजर खाली न घालता. ‘गावचंच काम आहे’ असं कोणी म्हणालं, तर हसून चहा घ्या आणि घरी या. अर्ज पंधरा दिवस आधी जावा लागतो. सोळाव्या दिवशी फोन येईल.