हाडवैद्य

भेंडीबाजाराच्या एका बोळात डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या काकांना उर्दूचं एक अक्षर वाचता येत नाही. लग्नपत्रिका मात्र ते उर्दूत लावतात. हातानं उर्दू लिहिणाऱ्या कातिबांचा बोरू मागे सारणारं ‘इनपेज’ हे सॉफ्टवेअर १९९४ साली आलं, त्यावर त्यांनी हात बसवला तो कायमचा. मजकूर गिऱ्हाईक आणतं, काका तो सरळ करतात. ‘‘वाचायला मौलवी आहेत. मी हाडवैद्य!’’

आणि निदान लांबूनच. अक्षरं एकमेकांचा हात सोडून सुटी सुटी उभी दिसली, की ‘‘सॉफ्टवेअर जुनं.’’ ‘मुबारक’च्या शेपटीचं उद्गारचिन्ह उडी मारून उजव्या टोकाला गेलं, म्हणजे अभिनंदनाच्या आधीच आरोळी, की ‘‘ओळीची दिशा मराठी राहिलीय.’’ मग उजवीकडचं कंट्रोल आणि शिफ्ट एकदम दाबायचं. नोटपॅड शहाण्या बैलासारखं वळतं. डावीकडची तीच जोडी दाबली की पुन्हा पूर्वस्थितीवर.

शिकाऊ पोरगा ‘‘काका, फाइल उलटी झाली’’ म्हणाला, की ते उखडतात. ‘‘फाइलीत सगळं बोलण्याच्या क्रमानंच असतं रे! घोळ दाखवण्यात.’’

त्यांचं खरं वैर आकड्यांशी. ओळ उजवीकडून डावीकडे, पण तिच्यातला आकडा डावीकडून उजवीकडे. ‘‘घरजावई! राहायचं सासरी, चालायचं आपल्याच चालीनं.’’ त्यात मोबाइल नंबर मधे जागा सोडून दोन तुकड्यांत टाकला, की पहिले पाच आकडे उजवीकडे आणि शेवटचे पाच डावीकडे जाऊन बसतात. मांडवात फोन भलत्यालाच. काका नंबराच्या आधी एक न दिसणारी खूण ठेवतात आणि दोन्ही तुकडे निमूट जागेवर येतात. या खुणेचे वेगळे पैसे लावता येत नाहीत, कारण ती गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही, हे त्यांचं जुनं दुःख.

परवा रत्नागिरीकडचे एक चाचा प्रूफ बघायला आले. काका पेन्सिलीनं दाखवत सुटले: हे कंस बघा, तोंडं बरोबर. हा नंबर बघा. हे उद्गारचिन्ह, कसं शेवटी बसलंय! चाचांनी चष्मा चढवला, उजवीकडून डावीकडे बोट फिरवत सावकाश सगळं वाचलं, पुन्हा वाचलं.

‘‘काम एकदम सरळ, काका. फक्त हा नवरा आमचा नव्हे.’’